म्हाळुंग: पोरसात लावा, माटोळीला बांधा आणि मग नीट खा

बहुतेकांची म्हाळुंगाशी गाठ वर्षातून एकदाच पडते, ती चवथीच्या बाजारात. म्हापसा, फोंडा, डिचोली, कुठेही जा, माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या फळाफुलांच्या चौकटीचं, सामान मांडून बसलेल्या बायकांकडे कवंडाळं असतात, सुपारीचे घड असतात आणि त्यातच एक खडबडीत, लांबोडकं, टोकाला बोंडूक असलेलं हिरवंपिवळं फळ असतं. गावात कुणी त्याला मावळिंग म्हणतात. आपण ते घेतो, देवाच्या वर बांधतो, आणि माटोळी सोडवली की बऱ्याच घरी ते स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात पडून सुकतं, कारण कुणीतरी कापून पिळून बघितलेलं असतं आणि रस चमचाभर पण निघालेला नसतो. मग काय, "ह्यात काय नाय" म्हणून सोडून देतात. मला ह्याचं मनापासून वाईट वाटतं म्हणून हे एवढं लिहायला घेतलंय. म्हाळुंग रसासाठी नसतंच मुळी, ते सालीसाठी असतं. आतला तो जाडजूड पांढरा गर जो आपण मोसंबीचा काढून टाकतो, तोच इथे खायचा असतो आणि तो कडू नसतो. ही एक गोष्ट डोक्यात बसली की झाड कसं वाढवायचं, फळ कधी तोडायचं, घरात आणल्यावर काय करायचं, सगळ्याची उत्तरं आपोआप बदलतात.

आणि झाड म्हणाल तर घराण्यानं फार मोठं आहे. हिमालयाच्या पायथ्याकडचा ईशान्य भारत, म्यानमारचा उत्तर भाग, तिकडचं हे मूळ. म्हाळुंग, पपनस आणि संत्र्याच्या जातीतलं जुनं मँडरिन ही लिंबूवर्गातली मूळची मंडळी, बाकी आपण रोज खातो ती बरीचशी फळं नंतरच्या संकरातून आलेली. आपलं कागदी लिंबू घ्या, त्याचा बाप म्हाळुंग. परदेशातलं पिवळं मोठं लेमन घ्या, त्याचाही बाप म्हाळुंगच. गोव्यातून कोल्हापूरला अंबाबाईच्या दर्शनाला किती माणसं जातात, तर देवीच्या हातात जे फळ आहे ते हेच. ज्यू लोकांच्या सुक्कोत सणात हातात धरतात ते एत्रोग पण म्हाळुंगच. एवढं मानाचं फळ आणि आपल्याकडे कोपऱ्यात सुकतं.

आधी ओळख पटवून घ्या

ही पायरी सोडू नका, कारण बाजारात आणि नर्सरीत म्हाळुंग, इडलिंबू, पपनस ह्यांची नावं सर्रास अदलाबदल होतात आणि तीन-चार वर्षं पाणी घालून शेवटी भलतंच झाड निघालं तर वेळ परत येत नाही. फळ बघून नको, पान बघून ओळखा, कारण नर्सरीत फळ नसतंच.

एक पान देठासकट तोडा आणि देठ उजेडात धरून बघा. पपनसाच्या देठाला दोन्ही बाजूंनी पसरट पंख असतो, चांगला रुंद, जणू मोठ्या पानाच्या खाली अजून एक छोटं पान जोडलंय. म्हाळुंगाच्या देठाला पंख नसतो, असला तरी नावापुरता. दुसरी खूण अजून पक्की आहे. लिंबाचं किंवा संत्र्याचं पान देठाला जिथे मिळतं तिथे एक सांधा असतो, वाकवलं तर पान तिथेच मोडून सुटं होतं. म्हाळुंगात तो सांधा जवळजवळ नसतोच, देठ सरळ पानाच्या शिरेत शिरतो. पानाच्या कडेला बारीक दाते असतात, बोट फिरवलं की कळतात, चुरगळलं की खमंग लिंबासारखा वास. नवी पालवी जांभळट झाक घेऊन येते आणि कळ्याही बाहेरून जांभळट. काटे असतात, टोकदार, तेव्हा हात सांभाळा.

फळ मिळालं तर आडवं कापून बघा. अर्ध्याहून जास्त भाग पांढरी साल आणि मध्ये छोट्याशा फोडी, बिया भरपूर, रस नावाला. हे दिसलं म्हणजे म्हाळुंग. पपनसाची पण साल जाड असते पण आत मोठ्या रसाळ फोडी असतात, आणि इडलिंबात रस चांगला निघतो.

रोप कुठून आणायचं

तीन रस्ते आहेत: बी, फाटा, नाहीतर गुटी.

बी सगळ्यात सोपं. लिंबूवर्गात बियांपासून काय निघेल सांगता येत नाही असं म्हणतात ते पपनसाच्या बाबतीत बऱ्याच अंशी खरं आहे, पण म्हाळुंगाचं फूल बहुतेक वेळा स्वतःच्याच परागांनी फळतं, त्यामुळे रोपं आईवरच जातात. बी मात्र ओलंच पेरायचं, सुकवून डबीत ठेवलेलं नको. फळातून काढा, बुळबुळीतपणा जाईपर्यंत पाण्यात चोळून धुवा आणि त्याच दिवशी अर्धा-पाऊण इंच खोल पेरा. दोन ते चार आठवड्यांत उगवतं. तोटा एकच, फळाला वेळ लागतो, पाच-सहा वर्षं धरून चला, आणि सुरवातीला काटे पण जास्त.

फाटे लावून झाड करायचं असेल तर म्हाळुंगासारखं झाड नाही, लिंबूवर्गात मुळं धरायला इतकं तयार असलेलं दुसरं क्वचितच. ओळखीच्या कुळागरात, म्हणजे सुपारी-माडांच्या बागेत, झाड असेल तर मागून घ्या, नाही कुणी म्हणत नाही. पेन्सिलीएवढी जाड, कोवळी नाही आणि अगदी सुकट जून पण नाही अशी फांदी, आठ-नऊ इंचांची. खालची पानं काढायची, वरची दोन-तीन ठेवून ती पण अर्धी कापायची म्हणजे पाणी उडून जात नाही. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली, तिरका. अर्धी वाळू आणि अर्धं कोकोपीट किंवा कुजलेला पालापाचोळा घेऊन पिशवीत अर्धी फांदी खोचा, सावलीत ठेवा. जून-जुलै ह्या कामाला उत्तम, कारण हवेतच एवढा ओलावा असतो की वेगळं काही करावं लागत नाही, फक्त पागोळ्यांखाली ठेवू नका, कुजेल. नवी पालवी आली म्हणून लगेच उपटून मुळं बघायची घाई करू नका, पालवी मुळांच्या आधी पण येते. पिशवीच्या भोकातून पांढरी मुळं दिसायला लागली की मगच हलवा. अशा झाडाला साधारण तीन वर्षांत फळ बघायला मिळतं.

गुटी म्हणजे झाडावरच फांदीची साल इंचभर गोल काढून ओलं शेवाळ बांधायचं ते, ज्यांना जमतं त्यांनी पावसाळ्यात करावी, रोप जरा मोठं मिळतं एवढंच. नर्सरीतून डोळा भरलेलं कलम घेतलंत तर खाली बहुधा जंबेरी किंवा रंगपूर लिंबाचा खुंट असतो, जोडाच्या खालून येणारा प्रत्येक फुटवा दिसला की खुडून टाका, नाहीतर दोन वर्षांत कलम मरून खुंटच झाड होऊन बसतो. चौकशीला जवळचं विभागीय कृषी कार्यालय आहे, जुन्या गोव्याला एला इथे केंद्राची किनारी कृषी संशोधन संस्था आहे, तिथे विचारायला अजिबात संकोच करू नका.

जागा, आणि पावसाचं काय करायचं

गोव्यात ह्या झाडाचा खरा शत्रू किडा नाही, साचलेलं पाणी आहे. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तो पण जवळजवळ सगळा चार महिन्यांत. म्हाळुंग डिंक्या रोगाला फार लवकर बळी पडतं. बुडाशी साल कुजते, डिंक बाहेर येतो, झाड पिवळं पडत पडत वरून वाळत जातं, आणि हे सगळं मुळाशी पाणी तुंबल्यामुळे सुरू होतं. म्हणून जागा निवडताना पावसाळा डोळ्यांसमोर आणायचा, मे महिना नाही. जिथे जुलैत पाण्याचं डबकं राहतं, पागोळ्या पडतात, न्हाणीचं पाणी जातं, त्या जागा बाद. शेताच्या सखल कडेला लावायचंच असेल तर मातीचा दीड-दोन फुटांचा उंचवटा करून त्याच्या डोक्यावर लावा.

दुसरं म्हणजे ऊन. कुळागरात रिकामी जागा दिसली की तिथे काहीही लावून टाकायची आपल्याला सवय आहे, मिरी, जायफळ, वेलची चालतं तिथे, म्हाळुंग नाही चालत. माडींच्या म्हणजे सुपारीच्या आणि माडांच्या दाट सावलीत झाड जगतं, उंच होतं, पण फळ धरत नाही. दिवसाला निदान सहा तास ऊन हवं. कुळागराची कड, अंगणाची दक्षिण बाजू, विहिरीपासून जरा हटून मोकळी जागा, असं बघा. दोन झाडं लावत असाल तर मध्ये बारा फूट तरी ठेवा, आणि मुलं खेळतात त्या वाटेवर नको, काटे आहेत.

खड्डा एप्रिल-मेमध्येच काढून ठेवा, दोन फूट लांब, रुंद, खोल, आणि उन्हात तापू द्या. आपल्या तांबड्या मातीत खाली चिरा म्हणजे जांभा दगड लागला तर तिथे जरा विचार करा, कारण चिऱ्यात कोरलेला खड्डा पावसात टाकीसारखा भरून राहतो. पहारीनं तळाला एका बाजूनं फोडून पाण्याला वाट करून द्या, नाहीतर खोदायचं सोडून वरच चिऱ्यांचा गोल कठडा रचून त्यात माती भरा, मला तर ही दुसरी पद्धत जास्त पटते. भरताना वरची माती, दहा किलोभर चांगलं कुजलेलं शेणखत, किलोभर निंबोळी पेंड, आणि आपली जमीन आम्लधर्मी असल्यामुळे पाव ते अर्धा किलो शेतीचा चुना किंवा डोलोमाइट. चुना आणि शेणखत एकाच दिवशी कालवू नका, चुना आधी घालून दोन-तीन आठवडे जाऊ द्या.

लावायचं कधी? उतारावरच्या, पाणी पटकन निघून जाणाऱ्या जमिनीत पहिले दोन-चार पाऊस झाले की जूनमध्ये. बाकी ठिकाणी सप्टेंबरच्या शेवटी, पावसाचा जोर गेल्यावर, कारण कोवळं रोप पहिल्याच वर्षी जुलैच्या संततधारेत ठेवण्यात फायदा काहीच नाही. लावताना पिशवीत जेवढी माती होती तेवढीच पातळी ठेवा, खोड पुरू नका. कलम असेल तर जोड जमिनीच्या वर चांगला वीतभर राहिला पाहिजे.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी मन मारायची गरज नाही, दोनशे लिटरचा प्लास्टिकचा ड्रम अर्धा कापला की दोन झाडांची सोय झाली. तळाला आणि बुडाच्या कडेला भोकं पाडा, खाली विटांवर ठेवा म्हणजे पाणी खरंच निघून जाईल, माती भुसभुशीत ठेवा. कुंडीतलं झाड छोटं राहतं, फळं मोजकी येतात, पण येतात.

पाणी, खत आणि बुडाची काळजी

पाण्यासाठी खोडाला लागून आळं करू नका. खोडाजवळ मातीचा छोटा ढीग आणि त्याच्या बाहेर गोल चर, पाणी चरात. खोड कोरडं राहिलं पाहिजे हा सगळ्यात मोठा नियम. ऑक्टोबर संपला की नारळाची सोडणं उलटी करून झाडाभोवती मांडा, वर सुका पाला, चुडतं काय असेल ते टाका, एप्रिल-मेमध्ये त्याचा फार आधार होतो. पण तेही खोडापासून वीतभर लांब, आणि पावसाळा लागायच्या आधी बाजूला ओढून घ्या. उन्हाळ्यात मोठ्या झाडाला आठवड्यातून दोनदा पंधरा-वीस लिटर पुरतं, कुंडीला रोज बघावं लागतं.

पावसाळ्याच्या आधी बुडाला बोर्डो पेस्ट लावा, दोन-अडीच फुटांपर्यंत. मोरचूद १०० ग्रॅम अर्ध्या लिटर पाण्यात, कळीचा चुना १०० ग्रॅम दुसऱ्या अर्ध्या लिटरात, वेगवेगळे विरघळवून मग एकत्र ओतायचे, भांडं प्लास्टिकचं किंवा मातीचं, लोखंडाचं नको. त्याच दिवशी संपवा. हेच १०० आणि १०० ग्रॅम दहा लिटर पाण्यात केलं की फवारायचा बोर्डो होतो. सुपारीच्या कोळेरोगासाठी माडीवर बोर्डो मारणारी माणसं तुमच्या भागात येतच असतील, त्यांनाच सांगितलं तर उरलेल्या द्रावणात तुमचं एक झाड सहज होऊन जातं.

खताबद्दल लोक फार काळजी करतात, तेवढी गरज नाही. जूनच्या सुरवातीला आणि पाऊस ओसरल्यावर असं वर्षातून दोनदा शेणखत आणि पेंड, मधूनमधून पातळ केलेलं शेणाचं पाणी. पानं मात्र वाचायला शिका. नवी पानं बारीक, आणि शिरा हिरव्या पण मधला भाग पिवळा, म्हणजे जस्त कमी. लिटरभर पाण्यात ५ ग्रॅम झिंक सल्फेट आणि अडीच ग्रॅम चुना, गाळून पालवीवर फवारा. जुनी पानं टोकाकडून पिवळी होत जातात आणि देठाकडे हिरवा त्रिकोण उरतो, म्हणजे मॅग्नेशियम कमी, आपल्याकडे धुऊन जाणाऱ्या जमिनीत हे नेहमीचं आहे, त्याला डोलोमाइट किंवा एप्सम सॉल्ट. सगळंच पान फिकट पडलं तर नत्र, आणि पिवळं पडून गळतंय तर खत घालायच्या आधी बुडाशी पाणी साचतंय का ते बघा.

छाटणी कमीच. मधून सरळ वर उसळणारे जाड पाणसोट काढा, जमिनीला टेकणाऱ्या फांद्या काढा, वाळकी काढा. पावसात कात्री लावू नका. फळं मोठी होतात, किलो-दीड किलोचं एक फळ काही आश्चर्य नाही, आणि फांद्या नाजूक असतात, त्यामुळे वेळेत बांबूचे टेकू द्या.

किडे, रोग आणि तांबडे मुंगळे

नव्या पालवीवर पक्ष्याची विष्ठा पडल्यासारखी दिसणारी अळी हीच पहिली भेट. ती लिंबावरच्या फुलपाखराची, मोठी झाली की हिरवीगार होते आणि डिवचलं की डोक्यामागून नारिंगी शिंगं काढून उग्र वास सोडते. झाड छोटं असेल तर अळ्या वेचून काढा, दोन दिवसांत सगळी पालवी फस्त करतात. झाड मोठं असेल तर राहू द्या म्हणते मी, महाराष्ट्रानं राज्य फुलपाखरू केलेलं ते निळं-काळं ब्लू मॉरमॉन पण लिंबूवर्गावरच वाढतं, चार पानं गेली तर मोठ्या झाडाचं काही बिघडत नाही.

पानावर चंदेरी नागमोडी रेघ दिसली आणि पान वळलं तर ती नागअळी. वळलेली पानं काढत बसू नका, उरलेला हिरवा भाग झाडाला अन्न देतोच. पुढची पालवी फुटायला लागली की निंबोळी तेल ५ मिली, थोडा साबण, लिटरभर पाणी, संध्याकाळी फवारा, आठ दिवसांनी परत.

खैऱ्या म्हणजे पानाफळांवर उठणारे खरबरीत तपकिरी ठिपके, भोवती पिवळं कडं. हा जिवाणूंचा रोग, पावसाच्या शिंतोड्यांनी पसरतो, नागअळीच्या जखमांतून तर लगेच शिरतो. रोगट काड्या कोरड्या दिवसांत कापून जाळा आणि पावसाआधी बोर्डो. माटोळीला डागाळ फळ चालत नाही बऱ्याच जणांना, पण खायला काही हरकत नाही, वरचा डाग सोलून टाका.

सगळ्यात जास्त जीव तळमळतो तो रस शोषणाऱ्या पतंगामुळे. पाऊस कमी व्हायला लागला की रात्री येतो, फळाला भोक पाडतो, सकाळी काही दिसत नाही आणि चार दिवसांनी त्या जागी सडून फळ खाली. फवारणीचा उपयोग नाही. फळ लिंबाएवढं झालं की जुन्या मच्छरदाणीची किंवा सुती कापडाची सैल पिशवी बांधा. काम कंटाळवाणं आहे पण हाच एक खात्रीचा उपाय.

पानं शिवून घरटं करणारे तांबडे मुंगळे असतील तर लगेच जाळायला धावू नका. चीनमध्ये लिंबूवर्गाच्या बागांत किडे मारायला ह्याच मुंगळ्यांची घरटी आणून बांधायचे, त्याची नोंद चौथ्या शतकापासूनची आहे. अळ्या, ढेकूण बरेच खाऊन टाकतात. फक्त मावा आणि पिठ्या ढेकूण ते उलट पाळतात, त्यामुळे पानाच्या खाली पांढरं कापसासारखं दिसलं तर तेवढी फांदी साबणाच्या पाण्यानं धुवा. आणि फळ काढायच्या दिवशी पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला.

चवथीला फळ हवं असेल तर

म्हाळुंगाला वर्षभर थोडी थोडी फुलं येतच राहतात, पण आपल्याला माटोळीच्या वेळेला फळ हवं असतं, ऑगस्ट-सप्टेंबरात. फूल ते फळ सहा ते आठ महिने धरले तर जानेवारी-फेब्रुवारीत फुलं यायला हवीत, म्हणजे लिंबूवाल्या शेतकऱ्यांच्या भाषेत आंबे बहार. गोव्याच्या पावसात मृग बहार, म्हणजे पावसाच्या तोंडाला फुलं, धरायच्या भानगडीत पडूच नका. जमिनीतलं, तीन वर्षांच्या वरचं, निरोगी झाड असेल तर डिसेंबरच्या मध्यापासून पाणी तोडा. आपल्या भरड जमिनीत तीनेक आठवडे पुरतात, पानं दुपारी मलूल दिसायला लागतात, थोडी गळतात पण. मग बुडाशी हलकी खुरपणी, शेणखत, आणि पाणी आधी थोडं, चार दिवसांनी जरा जास्त, मग नेहमीसारखं. एकदम भरपूर पाणी दिलं तर फुलं गळतात. कुंडीतल्या झाडाला हा ताण देऊ नका, ते झेपत नाही त्याला.

पहिल्या वर्षी लागलेली फळं बहुतेक खुडून टाका, एखादं ठेवा. नंतर पण एका जागी झुपक्यानं धरली तर एकच राखा.

तोडताना ओढू नका, कात्रीनं कापा. माटोळीसाठी तीन-चार इंच देठ आणि दोन पानं ठेवून, म्हणजे केवणीच्या सालीचा दोर देठाला घट्ट बसतो आणि फळ निसटून खाली येत नाही. हिरवं-पिवळं, रंग फिरायला लागलेलं फळ काढलंत तर ते दीड, पाच, सात, जेवढे दिवस गणपती तेवढे दिवस आरामात टिकतं आणि सोडवल्यावर खायलाही अगदी नेमकं झालेलं असतं. सगळ्या घरात वास दरवळतो तो वेगळाच.

आता खायचं

पहिल्यांदा खाताय ना, तर काहीच करू नका. पिवळं झालेलं फळ धुवा, वरची पातळ पिवळी साल बटाट्याच्या सोलण्यानं काढून बाजूला ठेवा, ती टाकायची नाही. मधल्या फोडी आणि बिया काढा. उरलेल्या पांढऱ्या गराचे पातळ काप करा, मीठ भुरभुरा, पाच मिनिटं थांबा आणि खा. कुरकुरीत, किंचित गोडसर, मागून लिंबाचा वास. पोरांना साखर लावून द्या. ह्याचीच कोशिंबीर, बारीक काप, ओला नारळ, हिरवी मिरची, मीठ, चिमूटभर साखर, फोडीतला जो काय रस असेल तो, आणि वरून खोबरेल तेलात मोहरी-हिंगाची फोडणी. माशाच्या जेवणाबरोबर तर फारच चांगली लागते.

काढून ठेवलेली पिवळी साल सावलीत सुकवून बरणीत भरा, शिऱ्यात, रव्याच्या लाडवात, चहात चिमूटभर. आयुर्वेदात म्हाळुंग अरुची आणि मळमळीवर सांगितलंय, औषध म्हणून घ्यायचं तर वैद्याला विचारूनच.

लोणच्याला किलोभर फोडी घ्या, पिवळ्या सालीसकट, बिया काढून. दीडशे ग्रॅम मीठ, चमचाभर हळद आणि पाच-सहा कागदी लिंबांचा रस, हा रस महत्त्वाचा, कारण म्हाळुंगाला स्वतःला पाणी सुटत नाही आणि आंबटपणा कमी पडला तर लोणचं टिकत नाही. आठवडाभर काचेच्या बरणीत, रोज हलवत. फोडी मऊ आणि काचेसारख्या दिसायला लागल्या की पन्नास ग्रॅम मोहरीची डाळ, साठ ग्रॅम तिखट, तळून कुटलेली मेथी, हिंग आणि दीडशे मिली गार केलेली तेलाची फोडणी. गूळ आवडत असेल तर घाला. महिन्यानं उघडा.

आणि शेवटी साखरेतली साल, जी जगभर ह्या फळाची खरी ओळख आहे, युरोपात म्हाळुंग मुख्यतः केकात घालायच्या ह्या सालीसाठी वाढवतात. आपल्याकडे नाताळच्या केकात पपईची टुटीफ्रुटी घालतात त्याऐवजी एकदा ही घालून बघा. फळाचे चार उभे भाग करा, आतल्या फोडी काढा, साल लिटरभर पाण्यात शंभर ग्रॅम जाडं मीठ घालून त्यात तीन-चार दिवस बुडवून ठेवा, वर ताटली दाबून. आगरवाड्याकडचं आगराचं मीठ मिळालं तर तेच वापरा, कॉर्सिकातून पूर्वी म्हाळुंगं समुद्राच्या पाण्याच्या पिंपात भरूनच जहाजानं जायची. मीठ सालीला मऊ करतं, मग साखर आत शिरते. नंतर धुऊन साध्या पाण्यात उकळा, पाणी बदलून दोन-तीनदा, सुई सहज आरपार जाईपर्यंत.

आता घाई करायची नाही. जेवढी साल तेवढी साखर, किलोला पाऊण लिटर पाणी, पातळ पाक करून साल त्यात पाच मिनिटं उकळा आणि झाकून रात्रभर ठेवा. दुसऱ्या दिवशी साल बाहेर काढा, नुसता पाक जरा आटवा, साल परत आत. असं चार-पाच दिवस, रोज पाक थोडा थोडा घट्ट, शेवटी मधाइतका. पहिल्याच दिवशी घट्ट पाकात टाकली तर सालीतलं पाणी झपकन बाहेर येतं, साखर आत जायच्या आधीच साल आक्रसून चिवट होते, म्हणून हे टप्पे. मग जाळीवर दोन-तीन दिवस वाळवा, पावसाची हवा असेल तर पंख्याखाली, पिठीसाखरेत घोळवा आणि कोरड्या बरणीत भरा. सप्टेंबरात केलेली नाताळापर्यंत छान राहते. उरलेला पाक फेकू नका, गाळून बाटलीत भरून फ्रीजमध्ये ठेवा, दोन चमचे पाक, थोडं लिंबू, चिमूट मीठ आणि गार पाणी, सरबत तयार.